गाडी गुरगुरलीच नाही

अंबत्तूरच्या कारखान्यात गाड्यांच्या धुराची परीक्षा घेणारी रत्नप्रभा म्हणजे फटकळ बाई. घराणं तंजावरचं, मराठी तीनशे वर्षं जुनी, वर तमिळची फोडणी. आठ वर्षं कंत्राटावर राबत होती बिचारी. नोकरीत कायम करण्याचं तिचं पत्र एकदाचं साहेबांपर्यंत पोचलं होतं, फक्त सही राहिली होती.

साहेब म्हणजे पुण्याहून आलेला महेश. नवी गाडी त्याची लाडकी, आणि नेमकी तीच दोनदा नापास झालेली. परीक्षा थंड गाडीची. बारा तास तिला कुणी हात लावायचा नाही, मग चालू करून पहिला धूर तपासायचा. "चेन्नईत कसली थंडी?" असं कुणी नवखा विचारी, तेव्हा रत्नप्रभा म्हणे, "तुला उकडतंय रे, इंजिनाला तीस डिग्री म्हणजे गारठाच! गार तव्यावर डोसा निघतो का धड? धूर साफ करणारा कन्व्हर्टर तसाच. तापेपर्यंत काही कामाचा नाही, सगळी घाण बाहेर. म्हणून थंड इंजिन मुद्दाम जोरात फिरतं, त्याला लवकर तापवतं. अन् लोक म्हणतात, गाडी बिघडली!"

त्या गुरुवारी तिने किल्ली फिरवली. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा चौदाशेवर जायला हवा होता, तो आठशेवरच गप्प. गाडी गुरगुरलीच नाही! रत्नप्रभा उतरली आणि तिने बॉनेटवर हात ठेवला. चांगलं गरम होतं.

"ऐयो! कुणी तापवली ही?"

फाईल घेऊन उभ्या असलेल्या महेशने घसा खाकरला. "ताई, पहाटे मीच एक चक्कर मारून आणली. आज पास व्हायलाच हवी. तुम्ही या कागदावर सही करा, मी तुमच्या पत्रावर करतो."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पत्र हवं होतं तिला, का नको असावं? दर वर्षी कंत्राट संपत आलं की ती ऑफिसच्या दारापाशी घुटमळायची. हात पेनाकडे गेलासुद्धा, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

"पोदुम, सर! पुरे झालं," ती कडाडली. "लोक रोज सकाळी थंड गाडीच चालू करतात. त्यांच्या घरोघरी तुम्ही पहाटे जाणार का, तापवायला?"

"तुमच्या पत्राचा विचार करा, ताई."

"आठ वर्षं तोच तर केला!"

तिने कागदावर ठळक लिहिलं: गाडी आधीच तापवलेली, परीक्षा रद्द. खाली सही ठोकली, तारीख घातली, वेळ घातली.

महेशने फायलीतून पत्र काढलं आणि तिच्यादेखत टराटरा फाडलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने ते लपवलं नाही.

"फाडा, सर," ती म्हणाली. "माझं कंत्राट मार्चपर्यंत आहे. तोवर तुमची गाडी माझ्याच हातून पास व्हायची आहे."