ओल्या सारवणावरची पावलं

"मागे हो! मेल्या, आताच सारवलंय, पाय ठेवशीत तर पाय मोडीन!"

आई माझ्यावर ओरडत होती. तो आवाज ऐकून समुद्रात निघालेल्या दोन होड्या, वादळ आलं समजून, परत फिरल्या असं म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो. माझा एक पाय हवेत आणि काखेत तोंडवलीहून आणलेलं कुत्र्याचं पिल्लू. मी निमूट मागे झालो. पिल्लाने कान टवकारले, ओल्या पडवीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि पुढचे पाय पोटाशी घेतले.

दिवाळी नुकतीच सरली होती. त्याच वर्षी वडील गेले होते आणि मी मुंबईहून रजेवर आलो होतो. बोटीने परत गेलो की आई घरात एकटी. म्हणून हे पिल्लू. पण थंडीबरोबर बिबट्या डोंगर उतरून वाडीत येऊ लागला होता. आम्ही त्याला वाघच म्हणतो, म्हणजे भीतीला जरा इज्जत राहते. उघड्यावरचं कुत्रं तो भाजलेल्या काजूसारखं उचलायचा. तेव्हा दिवस मावळायच्या आत पिल्लाने आपल्या पायांनी घरात यायला शिकायला हवं होतं. रोज उचलून आत न्यायला मी थोडाच असणार होतो! आणि उचलून आत नेलं तर ते माझ्या कुशीत थरथरत बसायचं, जमिनीला पाय म्हणून लावायचं नाही. रजा संपेपर्यंत शिकलं नाही, तर मी ते तोंडवलीला परत पोचवणार होतो.

पिल्लू हुशार किती, तर पहिल्याच दिवशी कोंबड्यांची हजेरी घेऊन मोकळं झालं. बांगड्याचं डोकं टाकलं तर आधी तीन बाजूंनी वास, चौथ्या बाजूने विचार, मग घास. पण घरात यायचं नाव नको. खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, कडेला दगडी गडग्याला पाठ लावून बसायचं आणि पडवीकडे बघत राहायचं.

आईने त्याची दृष्ट काढली. मी उंबऱ्यावर तळलेला बांगडा ठेवला, तर त्या वासावर मालवण बंदरापर्यंतची मांजरं आली, पिल्लू तेवढं आलं नाही. शेजारचे काका म्हणाले, भित्रा आसा, बदलून हाड, म्हणजे दुसरं आण. आईला ते पटलं नाही. तिचं म्हणणं, नवा जीव घरात यायचा तर जमीन कशी लख्ख हवी. म्हणून ती रोज उन्हं कलली की शेण कालवून पडवीपासून चुलीपर्यंत सारवायला बसायची, सत्यनारायणालाही कधी सारवलं नसेल इतक्या भक्तीने. आणि सारवून झालं की कोंबडी असो, पोस्टमन असो, मी असो, तोच ओरडा. स्वागत जितकं जोरात, तितकं पिल्लू लांब.

रजेचा शेवटचा दिवस आला. मी पिल्लाला परत न्यायची टोपली बाहेर काढली. आई सारवण आटोपून खळ्यात हात धूत होती. पिल्लाने टोपली पाहिली. ते उठलं, पडवीच्या कडेपर्यंत आलं, एक पाय पुढे केला, आणि शेणाचा ओला वास येताच हवेतल्या हवेत मागे घेतला. हुबेहूब माझ्यासारखा. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. भित्रं कुठलं, ते आमच्या घरातलं सगळ्यात आज्ञाधारक माणूस होतं.

आईही त्या पायाकडे बघत होती. जिने माझ्या वडिलांना ओल्या सारवणावर कधी उभं केलं नाही, भर पावसात बाहेर ताटकळत ठेवलं, ती बाई लुगडं सावरून थेट त्या ओल्या जमिनीवरून चालत चुलीपाशी गेली. मागे पावलं उमटली, अंगठ्यासकट. पिल्लाने ती हुंगली. थोडा विचार केला. मग तिच्या एकेका पावलात आपला पाय मोजून ठेवत, जरासुद्धा बाहेर न पडता, आत गेलं आणि चुलीच्या उबेला बसलं.

दुसऱ्या दिवशी मी निर्धास्त बोटीवर चढलो. त्या कुत्र्याने पुढे कैक वर्षं आईला सोबत केली. वाघावर ते असं भुंकलं की वाघ म्हणे गोव्यात जाऊन राहिला. मुंबईत मी सुखाने झोपलो तो या दोघांच्या जिवावर, आणि ते उपकार काही फिटायचे नाहीत.

पण त्या संध्याकाळी पावलांनी भरलेली ती जमीन बघून मी म्हटलं, आये, त्या मुक्या जिवासाठी तू आपलं सारवण मोडलंस.

"चुलीर पेज उतू जाय होती," ती म्हणाली.