काळ्या दोऱ्याचा डबा

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी नगरमध्ये पाच बायकांची लघवी तपासली. हे वाक्य मी आजवर कुणापुढे सरळ उच्चारलेलं नाही. प्रबंधाचा विषय काय होता असं कुणी विचारलं, की "रसायनातलंच काहीतरी" म्हणून मोकळी होते. लाज लघवीची नाही. लाज त्यातल्या एका डब्याची आहे.

सरांनी कुठंतरी वाचलं होतं, की परदेशात क्रॅनबेरी नावाच्या आंबट लाल फळाचा रस पाजतात आणि त्यातलं अंगात किती मुरलं, बाहेर किती पडलं ते तपासतात. ते फळ आपल्याला कुठून मिळणार? सर म्हणाले, करवंदं घे. मे महिना होता, मंडईत करवंदांच्या पाट्या लागलेल्या होत्या. रस पोटात गेला की शरीर त्याची मोडतोड करतं आणि त्यातून तयार होणारं एक आम्ल लघवीवाटे निघून जातं. ते कधी आणि किती निघतं, एवढंच मला मोजायचं होतं. अट एकच होती, पण अवघड. आधीचे दोन दिवस आणि रस पिण्याचा दिवस चहा बंद, फळं बंद. चहातूनही तेच आम्ल तयार होतं.

वसतिगृहातल्या माझ्या चार मैत्रिणी तयार झाल्या. पाचवी कुणी मिळेना, तेव्हा मेसमधल्या पोळ्यांच्या मावशी म्हणाल्या, मी पिते. त्या केडगावहून पहाटे यायच्या आणि आल्या आल्या साठ मुलींचा चहा टाकायच्या. तीन दिवस त्यांनी तो चहा उकळला, गाळला, वाढला आणि स्वतः घोटभरही घेतला नाही. दुसऱ्या दिवशी कपाळाला घट्ट फडकं बांधून पोळ्या लाटत होत्या. डोकं दुखतंय का विचारलं, तर म्हणाल्या, लई न्हाई.

त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी त्यांच्या चार डब्यांना चार रंगांचे दोरे बांधून दिले. सकाळचा पांढरा, दुपारचा पिवळा, संध्याकाळचा लाल, रात्रीचा काळा. घरी संडास नव्हता. वस्तीतल्या सार्वजनिक संडासाला त्या पिशवीत डबा घालून जायच्या आणि आल्यावर तो माठाशेजारी ओल्या पोत्याखाली ठेवायच्या. शेजारणी हसल्या म्हणे. हे त्यांनी मला सांगितलं ते गंमत म्हणून, तक्रार म्हणून नाही.

आकडे आले. चौघींचं आम्ल दुपारपर्यंत चढलेलं, संध्याकाळी उतरलेलं, रात्री जवळजवळ काहीच नाही. मला हवं होतं अगदी तसं. मावशींचं मात्र उलटं होतं. काळ्या दोऱ्याच्या डब्यात सगळ्यांत जास्त. मी दोनदा तपासलं, तेच आलं. मग मला राग आला. माझा राग नेहमीच माझ्या अकलेच्या दोन पावलं पुढे चालायचा.

दुपारच्या जेवणाला सगळ्या मुली बसलेल्या असताना मी म्हणाले, "मावशी, तुम्ही रात्री चहा प्यायलात. निदान खरं तरी सांगायचं."

त्या म्हणाल्या, "न्हाई प्याले, ताई." एवढंच. आणि वाढायला पुढं गेल्या.

मी त्यांचे आकडे काढून टाकले. पुढे रोज सकाळी मुली त्यांना चिडवायला लागल्या, मावशी, आज किती कप झाले? मेस चालवणाऱ्या बाई दुधाच्या पातेल्याजवळ उभ्या राहायला लागल्या. तेरा वर्षं तिथे काम केलेल्या बाईवर असा पहारा बसला, तो माझ्या एका वाक्यामुळे. मी ते पाहत होते आणि मनात म्हणत होते, खोटं बोललं की असंच होणार.

प्रबंध टंकायला द्यायच्या आदल्या आठवड्यात माझी एक मैत्रीण नागापूरच्या एका कारखान्यातल्या नोकरीची मुलाखत देऊन खुशीत आली. बोलता बोलता हसत म्हणाली, रात्री कोण उठतंय डबा घेऊन, आम्ही चौघींनी संध्याकाळचं थोडं ठेवून वर नळाचं पाणी घातलं होतं. मी हसले नाही. ग्रंथालयात जाऊन पुन्हा वाचलं. काही घटक आधी पचतच नाहीत, ते मोठ्या आतड्यात उतरतात, तिथले जंतू ते फोडतात, आणि मग उशिरा, रात्री, ते लघवीत येतात. पाच जणींत शरीरानं खरं सांगितलं होतं ते एकीच्याच डब्यात. मावशी मेसमध्ये राबणाऱ्या नसत्या, तर मी त्यांना आधी विचारलं असतं. आरोप केला नसता.

मी स्वयंपाकघरात गेले. त्या एकट्याच कणीक मळत होत्या. मी सगळं सांगितलं, चूक माझी होती म्हणाले, रडलेसुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं. हात थांबले नाहीत.

"हे त्या समद्या पोरींच्या म्होरं सांगा, ताई," त्या म्हणाल्या. "मला एकलीला सांगून काय उपेग? मला ठावंच हुतं."

मी हो म्हणाले. प्रबंध चौघींच्या आकड्यांनीच गेला, पहिला वर्गही मिळाला, आणि त्याची शरम आहेच. पण अंगावर काटा येतो तो त्या संध्याकाळच्या जेवणाच्या आठवणीनं. सगळ्या मुली बसल्या होत्या. मावशी पोळ्यांची परात घेऊन ओळीनं वाढत आल्या. माझ्यापाशी आल्या आणि थांबल्या. जरा जास्तच वेळ थांबल्या. शेजारच्या दोघीतिघींनी वर पाहिलं.

मी ताटाकडे बघत म्हणाले, "एकच."