नवरा नथी

लोक अमेरिकेला जाऊन येतात आणि आल्यावर तिकडच्या रस्त्यांबद्दल लिहितात. मी सुरतेला गेलो. पण घर सोडून जाणाऱ्याला सगळे मुलूख सारखेच परके असतात. त्यामुळे मीही लिहितो, गावाकडच्या मंडळींनी गोड मानून घ्यावं.

अकोल्याजवळच्या आमच्या गावातून मी आणि माझी बायको प्रज्ञा निघालो तेव्हा आमच्या लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. पांडेसऱ्यातल्या एका डाईंग मिलच्या प्रयोगशाळेत मला नोकरी मिळाली होती. काम म्हणजे गिऱ्हाईक देईल त्या चिंधीच्या रंगाला हुबेहूब रंग जुळवायचा. प्रज्ञा गावात ब्लाऊज शिवायची, आणि तिच्या हाताला इतकं नाव होतं की लग्नाच्या तारखा तिला विचारून धरतात असं लोक थट्टेनं म्हणायचे. निघताना तिनं सगळ्यांसमोर साफ सांगितलं, "आठ दिवस राहून पाहीन. करमलं तर राहीन, नाई तर वापस येईन. बाया खोळंबल्या आहेत." मी उदारपणे मान डोलावली आणि पुढच्या रविवारचं परतीचं आरक्षण करून टाकलं. आमचा संसार एका गावात होणार की दोन, ते त्या आठ दिवसांवर ठरायचं होतं.

पहाटे नवापूर आलं. या स्टेशनाची गंमत अशी की अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. ऐतिहासिक क्षण म्हणून एक पाय इकडे आणि एक तिकडे ठेवून माझा फोटो निघालाच पाहिजे असं मला वाटलं. प्रज्ञा दारात मोबाईल धरून उभी राहिली. मी हद्दीच्या रेषेवर छाती काढून उभा राहिलो, आणि गाडी हलली. मी धावत येऊन डबा पकडला, पण डाव्या पायातली चप्पल फलाटावरच राहिली. फोटोत माझी पाठ आली आहे. चप्पल नेमकी कुठल्या राज्यात पडली यावर आम्ही बारडोलीपर्यंत वाद घातला.

चलथाणच्या आसपास खिडकीबाहेर ऊस दिसू लागला आणि मळीचा गोडसर, आंबूस वास डब्यात शिरला. प्रज्ञानं पदर नाकाला लावला. "आता घराजवळ आलो," मी मोठ्या आवाजात म्हणालो. तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की पुढचं वाक्य मी गिळलं. उधन्याला आम्ही उतरलो. नव्या मुलखात मी पहिलं पाऊल टाकलं ते अनवाणी होतं, आणि पहिली खरेदी केली ती रबरी सपातांची.

खोली भेस्तानला घेतली होती. पांडेसऱ्याकडे मराठी माणसांच्या गल्ल्याच्या गल्ल्या आहेत. तिथं दारात जळगावची आजी बसलेली असते आणि आतून ठेच्याचा खकाणा येतो. मिलमधल्या ओळखीच्या माणसानं तिथली खोली सुचवलीही होती. पण मी त्याला फोनवर बाणेदारपणे सांगितलं होतं, "मराठी वस्तीतच राहायचं तर गाव काय वाईट होतं?" गुजरात्यांमध्ये राहायचं, त्यांची भाषा शिकायची, असा माझा बेत. म्हणून हंसाबेन नावाच्या घरमालकिणीच्या पाच खोल्यांपैकी शेवटची आम्ही घेतली. बाकी चारही खोल्यांत गुजराती कुटुंबं. हंसाबेन पंचावन्न-साठीच्या, ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या. चावी देताना त्या बरंच काही बोलल्या. मी प्रत्येक वाक्याला "हा हा" म्हणालो. त्यातलं एक वाक्य पाणी सकाळी एकच तास येतं असं होतं, हे दुसऱ्या दिवशी कोरड्या नळाखाली उभं राहिल्यावर समजलं.

गुजरातीबद्दल माझा एक सिद्धांत होता. लिपी म्हणजे डोक्यावरची रेघ पुसलेली आपलीच लिपी, आणि भाषा म्हणजे शब्दाच्या शेवटी 'ओ' लावलेली आपलीच भाषा. हा सिद्धांत घेऊन मी किराणा दुकानात गेलो आणि म्हणालो, "भाई, दो किलो तांदुळो आपो." दुकानदारानं हातातलं माप खाली ठेवलं. मग शांतपणे म्हणाला, "तांदूय जोयजे का भाऊ?" तो शिरपूरचा निघाला. सुरतेत तांदळाला चोखा म्हणतात हेही त्यानंच सांगितलं. शिवाय मी बोललो ते या दोन भाषांपैकी कुठलीच नव्हे, हेही सांगितलं.

सकाळी नाश्त्याला आम्ही नाक्यावर गेलो. पाटीवर लिहिलं होतं, 'गरमागरम लोचो'. आपल्याकडे लोचा म्हणजे भानगड, त्यामुळे प्रज्ञा पाटी वाचून खो-खो हसली. लोचो म्हणजे भिजवलेल्या चण्याच्या डाळीचा वाफवलेला मऊ लगदा. वर तेल, मसाला, शेव, बारीक कांदा. खमण करायला गेले आणि बिघडलं तेव्हा हा पदार्थ जन्मला असं गाडीवाला म्हणाला. बिघडलेली गोष्ट एवढी चविष्ट लागते हे पाहून मला स्वतःबद्दलही थोडी आशा वाटली. प्रज्ञानं दोन प्लेटी खाल्ल्या. त्यानंतर शनिवारपर्यंत ती मनापासून हसली नाही.

कारण सोमवारपासून मी मिलमध्ये जाऊ लागलो आणि ती दिवसभर त्या खोलीत एकटी पडली. संध्याकाळी मी कधी निळी, कधी जांभळी बोटं घेऊन परतायचो, तेव्हा ती खिडकीशी बसलेली असायची. बाहेर ओटल्यावर (ओट्यावर) बाकीच्या बाया घोळक्यानं बसून साड्यांना टिकल्या चिकटवण्याचं काम करत, हसत, चहा पीत. हिच्याशी कुणी बोलायचं नाही. मी तिला उत्साहानं गुजरातीचे धडे देत होतो. 'नाही' म्हणजे 'नथी', हा पहिला धडा. तिनं तो चटकन उचलला. तिनं तो उचलला नसता तर फार बरं झालं असतं.

बुधवारी मला भाकरी वाढता वाढता तिनं विचारलं, "ते हंसाबेन तुम्हाले रोज काऊन विचारते?"

"मला?"

"सोमवारी दुपारी दारात आली, म्हणे 'नवरां छो?' मी म्हटलं, नवरा नथी. ते म्हणाली 'सारुं', अन् गेली. काल तेच. आज तेच. मले काही विचारत नाई, नुसतं नवरा, नवरा."

शहाण्या माणसानं इथं कुणाला तरी अर्थ विचारला असता. मी तो जागच्या जागी सांगितला. म्हणालो, "इथं कुटुंबप्रमुखाला मान असतो. काही काम असेल तर ते घरच्या पुरुषालाच सांगतात." प्रज्ञाचा चेहरा उतरला. "म्हणजे मी कोणीच नाई इथं," ती म्हणाली. मी समजूत घालायला काहीतरी बोललो, आणि खरं सांगायचं तर मनातून थोडा फुगलोही. गुरुवारी भांग नीट पाडून हंसाबेनसमोर गेलो आणि "काम हतुं?" असं खर्जात विचारलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, "ना रे," म्हणाल्या आणि आत जाऊन दार लावलं. त्या दिवसापासून त्यांनी आमच्या दाराशी येणंही बंद केलं.

शुक्रवारी प्रज्ञानं पिशवी भरायला घेतली. ती रडली नाही, भांडली नाही. नुसती म्हणाली, "रविवारची गाडी किती वाजता आहे?" मी वेळ सांगितली आणि तिच्या साड्यांच्या घड्या पिशवीत जाताना पाहत राहिलो.

शनिवारी मी रजा मागायला डाईंग मास्टरांकडे गेलो. हे पन्नाशीचे गुजराती गृहस्थ, कायम घाईत. एका हातात रंगाचा नमुना, दुसऱ्या हातात फोन. मी दारातून म्हणालो, "साहेब, मारे रजा जोईए." त्यांनी माझ्यासमोरचे दहा-बारा न जुळवलेले नमुने पाहिले आणि म्हणाले, "नवरा थाव एटले आवजो."

म्हणजे नवरा हो, मग ये! मला हे लागलं. साहेबांना मी बिनलग्नाचा वाटलो की काय? मी ताठ उभा राहिलो आणि छापील गुजरातीत म्हणालो, "थयो ने साहेब! बे महिना थया!"

मास्टरांनी फोन खाली केला. "बे महिनाथी नवरा छो?" ते म्हणाले. "तो पगार शेनो लो छो?"

सगळी प्रयोगशाळा हसायला लागली. माझ्या शेजारचा अमळनेरचा सहकारी तर टेबल धरून खाली बसला. डोळे पुसत तो म्हणाला, "भाऊ, नवरा म्हणजे इथं रिकामा. हातात काम नाही असा. साहेब म्हणत होते, काम आटप अन् मग ये. तू म्हणाला, मी दोन महिन्यांपासून रिकामाच आहे. मग त्यांनी विचारलं, पगार कशाचा घेतोस." वर त्यानं भर घातली, "तशी दोन्ही भाषांत फार तफावत नाही म्हणा."

मी हसलो नाही. माझ्या डोक्यात दुसराच हिशेब लागत होता. नवरां छो? म्हणजे मोकळ्या आहात का, वेळ आहे का? आणि माझ्या बायकोनं रोज दुपारी त्या बाईच्या तोंडावर सांगितलं होतं, नवरा नथी, मला वेळ नाही. आठवडाभरात तिच्या तोंडून निघालेलं अस्सल गुजराती वाक्य ते एकच. ते मी शिकवलं होतं, आणि अर्थ चुकवायलाही मीच पुढे होतो.

काम कसंबसं संपवून मी धावतपळत घरी पोचलो आणि दारातूनच सगळं सांगितलं.  प्रज्ञा हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "बोलवत होती मले? रोज?" ती म्हणाली. "अन् मी म्हणत होती, वेळ नाई? बापा रे, काय म्हणत असतील त्या बाया मले!" मला स्वतःच्या दोन थोबाडीत मारून घ्याव्याशा वाटल्या. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "बाईमाणसानं मोकळी आहे असं कसं म्हणायचं?" तेवढं मी येताना सहकाऱ्याला विचारून ठेवलं होतं.

बाहेर ओटल्यावर अजून उजेड होता आणि बायांचं काम चाललं होतं. प्रज्ञा त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. तिनं एकदा माझ्याकडे वळून पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाली, "हंसाबेन, हुं नवरी छुं!"

मराठीत ऐकलं तर ती सांगत होती, मी नवरी आहे. दोन महिन्यांच्या नवरीला ते शोभूनही दिसत होतं. हंसाबेनच्या हातातली टिकली तशीच राहिली. मग त्या सरकून बसल्या, शेजारच्या जागेवर हात आपटला आणि आता तरी मोकळ्या झालात अशा सुरात म्हणाल्या, "ल्यो, हवे नवरां थयां! आवो, बेन, आवो!" प्रज्ञानं मोडक्यातोडक्या हिंदीत आमचा सगळा घोटाळा सांगितला. ओटल्यावर जो हशा उठला तो माझ्यावर होता हे मला भाषा न कळताही समजलं. एकीनं मला ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं, "तो आ भाई नवरो छे के नवरो नथी?" मी आत जाऊन डाळीचा कुकर लावला.

अंधार पडायच्या सुमाराला ती परत आली. बोटांना डिंक, केसांत दोन टिकल्या. हंसाबेनच्या सुनेचे ब्लाऊज शिवायला घ्यायचं तिचं ठरलंसुद्धा होतं. "शिलाई मशीन आणा लागते," ती म्हणाली. "उद्याचं माझं तिकीट रद्द करा." माझे हात तांदळाच्या पाण्यात होते, म्हणून तिनंच माझा मोबाईल घेतला. 

"इथं दोन तिकिटं आहेत," ती म्हणाली.

"तुला सोडायला यायचं होतं."

"अन् तुमचं इकडे यायचं?"

ते मी काढलं नव्हतं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मिलचा वास, ती भाषा, परक्या माणसांत रोज नवं हसं करून घेणं, या सगळ्याला मी पहिल्या दिवसापासून घाबरलो होतो. तिला करमलं नाही तर तिला सोडायला म्हणून जायचं आणि मग तिकडेच राहायचं, असा माझा बेत होता. गावात सांगता आलं असतं, माझं काय, बायकोला जमलं नाही. मी खाली मान घालून तांदूळ धूत राहिलो. ते सात वेळा धुतले गेले असावेत. तिनं दोन्ही तिकिटं रद्द केली आणि म्हणाली, "पुरे करा आता, चोखा चोखा झाला."

चार महिन्यांनी मशीन आणायला आम्ही गावी गेलो. तोवर तिनं हंसाबेनचीच जुनी मशीन चालवली होती. आम्ही येताच शेजारपाजार गोळा झाला आणि जो तो मला विचारू लागला, तिला करमतं का तिथं? मी नेहमीच्या थाटात सांगायला लागलो, सुरुवातीला तिला जरा अवघड गेलं, पण मी सांभाळून घेतलं. प्रज्ञा माझ्याकडे बघत होती, पण एक अक्षर बोलली नाही. तिनं माझी लाज राखली.

जेवायला बसलो तेव्हा घरात आम्ही तिघंच होतो. आई मला वाढत होती, पण बोलत होती प्रज्ञाशी.

"लहानपणी दोन दिसांसाठी मामाच्या गावाले धाडला, तर दुसऱ्याच दिवशी मामा याले सायकलीवर घालून वापस घेऊन आला. म्हणे, पोरगं जेवतच नाई." तिनं माझ्या ताटात अर्धी भाकरी टाकली. "म्हणूनच तुले म्हटलं होतं, पोरी, शिलाई राहू दे, आठ दिवस तरी याच्यासंगं जाय."

मी प्रज्ञाकडे पाहिलं. ती मान खाली घालून हसत होती.