दक्षाबेनच्या दारातली दुनळी

जोडवं सैल झालं की डहाणूत आम्ही दक्षाबेनच्या चांदीच्या दुकानात जातो. गेल्या दिवाळीनंतर हायवेवर कुठलंसं दुकान फुटल्याचं ऐकून बेननं धसका घेतला आणि दारात बंदूकवाला ठेवला. तेच शुक्राकाका. मूळचे डोंगराकडच्या उधव्याचे, घरी भात-नागलीची शेती. एका बँकेच्या दारात बावीस वर्षं उभे राहून निवृत्त झालेले. दुनळी बंदूक स्वतःची, परवाना स्वतःचा, आणि गणवेशाची इस्त्री अशी कडक की आमच्या ह्यांनी रेल्वेच्या नोकरीत उभ्या जन्मात तशी केली नसेल.

काका बोलायला मऊ. पण खांद्यावर दुनळी असली की मऊपणा कोणाला दिसतो? मी पहिल्यांदा गेले तेव्हा उगाचच पर्स उघडून दाखवली. काका म्हणाले, "वहिनी, मी काही टीसी नाही."

शहरातल्या बायकांना आठवड्याभरात सवय झाली. डोंगराकडच्या गावांतली माणसं मात्र पायरीपर्यंत यायची, बंदूक बघायची आणि समोरच्या दुकानात शिरायची. त्यात दाराला पाटी: 'हत्यार आत आणू नये.' तिकडच्या पुरुषांच्या कमरेला बांधलेल्या आकडीत कोयता अडकवलेला असतोच, आपल्या खिशात पेन असावं तसा. तो काढून ठेवायला सांगायचं काम काकांचं, आणि सांगायचं आपल्याच भागातल्या माणसांना.

लग्नसराई लागली तरी दुकान रिकामंच. शेवटी बेननं माझ्यासमोरच सांगून टाकलं, "शुक्राभाई, बाजाराच्या दिवशी पण गिऱ्हाईक पळालं ना, तर मला तुम्ही परवडणार नाही. वाईट नको वाटून घेऊ."

"बरं," काका म्हणाले, आणि इस्त्रीच्या शर्टाची बाही उगाच सारखी केली. बंदुकीशिवाय आपण कोण, हे त्या माणसानं बावीस वर्षांत स्वतःला विचारलंच नसणार.

बाजाराच्या दिवशी माझं जोडवं तयार होतं, म्हणून मी दुकानात होते. अकराच्या सुमाराला हिरू आणि बायजी हे नवराबायको आले. उधव्याच्या शेजारच्याच पाड्यावरचे, लेकीच्या लग्नाला पैंजण घ्यायचे होते. हिरूच्या कमरेला कोयता. बेन गल्ल्यावरून मान उंच करून बघत होती.

"हिरू, कोयता तेवढा बाहेर ठेव," काका हळूच म्हणाले.

"का?"

"नियम आहे दुकानाचा."

"मग तुझी बंदूक ठेव बाहेर. आधी तू, मग मी."

"ही अशी बाहेर सोडता येत नाही रे. परवान्यात लिहिलंय."

बायजी पुढे झाली. "ह्याचा कोयता गवत कापतो. तुझी ती काय कापते? चला हो, समोर जाऊ."

हिरू वळला. बेननं कपाळाला हात लावला. काकांनी एकदा बेनकडे पाहिलं, खांद्यावरची दुनळी उतरवली, वरची कळ सरकवली आणि बंदूक बिजागरीवर मधून उघडून हिरूसमोर धरली.

"बघ."

हिरूनं एक डोळा मिटून नळीतून पाहिलं. "अगं बायजी, पलीकडची केळी दिसतात!"

"बघू, बघू," बायजीनं त्याला बाजूला सारलं. मग ती जी हसायला लागली, की रस्त्यावरची चार माणसंही नळीतून बघायला आली.

बेन मात्र ताडकन उठली. "खाली? म्हणजे रिकामी? सहा महिना खाली बंदूक?"

"काडतुसं खिशात असतात, बेन. दुकानात लेकरं येतात, नळीत बोटं घालतात. भरलेली कशी ठेवू?"

"पण आता सगळ्या बाजाराला कळलं ना! चोर हसेल आपल्याला!"

हिरूनं तोवर कोयता काढून पायरीवर ठेवला होता. बायजी आत येऊन पैंजण मागत होती आणि तिच्या मागून नळीवाली चार माणसंही आत आली. काकांनी बंदूक मिटून पुन्हा खांद्याला अडकवली आणि बायजीला कुठल्या पैंजणाचा खिळा टिकतो, कुठला नाही, हे तिच्या बोलीत दारातूनच समजावलं. पैंजण तर गेलेच, वर दोन करगोटे विकले गेले.

गर्दी सरल्यावर बेन म्हणाली, "कॅमेरा लावते मी. बंदूक पोलीस ठाण्यात रीतसर जमा करून या, आणि तुम्ही काउंटरच्या आत. बोलायला माणूस पाहिजे मला."

काकांनी दोन दिवस मागून घेतले. दोन दिवस मीही दुकानावरून जाताना मान वळवून बघत होते. तिसऱ्या दिवशी ते आले, साधा चौकड्यांचा शर्ट घालून, मोकळ्या खांद्यानं. आता काउंटरमागे असतात. गिऱ्हाईक आलं की उभे राहतात, गेलं तरी उभेच.

"बसा ना, शुक्राभाई!" बेन ओरडते.

"बसतो, बेन," काका म्हणतात. काल मी गेले तेव्हा खरंच बसले होते, पण स्टुलाच्या अगदी कडेला.