अंबाडीच्या भाजीतला गूळ

छापलेल्या अक्षराचा हुकूम अंगानं पाळणारा माणूस साऱ्या चंद्रपूर जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका आमचा साडभाऊ निघाला. कोळशाच्या खाणीत फिटर म्हणून उभी नोकरी केली, साहेबाला कधी भ्याले नाहीत. पण पुस्तकात कोणी डोळे वटारले की हे इकडे खुर्चीत सावरून बसतात. समुद्र त्यांनी जन्मात पाहिलेला नाही, तरी जहाजाच्या वादळाचं प्रकरण वाचताना अशी मळमळ सुटली की घरात लिंबू शोधायची धावपळ झाली. मे महिन्यात, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं अशा दुपारी मी राजुऱ्याहून त्यांच्याकडे बल्लारपूरला गेलो, तर कूलर बंद आणि भाऊ चादर गुंडाळून बसलेले. म्हटलं, "भाऊ, ताप आला काय?" हिमालयाच्या पुस्तकातून मान वर न काढता म्हणाले, "दरवाजा लावा आधी. बर्फ पडून राह्यला." एकदा तर दोन दिवस माझ्याशी बोललेच नाहीत. मी हादरलो, आपलं काय चुकलं म्हणून विचारायला गेलो. तेव्हा थोडे वरमून म्हणाले, "तुमचं काई नाई हो. पण त्या कादंबरीतला साडू लई हलकट निघाला."

बाई, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, बरोबर उलट्या. त्यांच्यावर अक्षराचा काडीचा परिणाम नाही. बल्लारपुरात उभी हयात गेली, पेपर मिलकडे जाणारे बांबूचे ट्रक रोज दारावरून जाताना पाहिलेले. "कागद म्हणजे बांबूचा लगदा," त्या म्हणायच्या, "त्याले घाबरून लिंबू चोखाचं म्हणजे कमालच झाली बाई तुमची!"

मागच्या वर्षी या बाईंचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. ते निभावलं, पण तोंडाची चव जी गेली ती परतेचना. ताट पाहिलं की भिंतीकडे तोंड. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, आमचं काम झालं, आता पोटात अन्न गेलं पाहिजे, नाहीतर पुन्हा भरती करावी लागेल, आणि मग काही खरं नाही. माझी बायको बहिणीच्या सेवेला जाऊन राहिली. खिचडी झाली, पेज झाली, हातापाया पडणं झालं. बाई ओठ उघडेनात. तेव्हा भाऊंनी जाहीर केलं, "मी वाचून जेववतो इले." माझी बायको मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "आता याईलेच भरती करा."

पण माणूस हट्टाला पेटला होता. बुद्धविहारातल्या वाचनालयातून पिशवी भरून पुस्तकं आणली आणि त्यात जिथं जिथं पंगत बसते ती पानं मोठ्यानं वाचायला लागले. राजाचा मुदपाकखाना वाचला, लग्नातल्या जिलब्या वाचल्या, कोकणातलं माशाचं कालवण तर असं वाचलं की वाचता वाचता त्यांनाच भूक अनावर झाली आणि बाईंसाठी ठेवलेली खिचडी ते स्वतःच चाटूनपुसून खाऊन मोकळे झाले. माझी बायको कपाळावर हात मारून घेत होती. बाई हळूच म्हणाल्या, "नारळाचा रस, नारळाचा रस! आमच्या गावात नारळ फक्त फोडाले आणत. मले काय त्याची आठवण येईन?"

भाऊंनी उठून कागद घेतला. "हिच्या गावचं कोणी लिहिलंच नाई," म्हणाले, "तर मलेच लिहा लागन."

सारी दुपार लिहीत होते. लिहिलं ते बाईंच्या गडचिरोलीकडच्या माहेरचं, सासूबाईंच्या हातचं जेवण. आता जावयाची जागा ओसरीवर. चूल त्यांनी कधी जवळून पाहिलेली नाही. तरी दुसऱ्या दिवशी आम्हा सगळ्यांना बसवून गडी ठासून वाचायला लागला: "सासूबाईंनी अंबाडीच्या भाजीत गुळाचा खडा टाकला..."

बाईंनी भिंतीकडचं तोंड वळवलं.

"गूळ? कोणी सांगतलं तुमाले?"

"मी खाल्ली आहे न!"

"काय खाल्ली! आमच्या मायनं जिंदगीत अंबाडीत गूळ नाई टाकला. खोडा ते. कण्या टाकत होती, तांदळाच्या. लिहा."

भाऊंना मजकूर बदललेला अजिबात आवडला नाही, पण लिहिलं. "अन् लसूण?"

"गड्डाभर. ठेचून, कापून नाई. फोडणी सर्व्यात शेवटी, वरतून. तेल दिसलं पाह्यजे. अन् लाल मिरची चुलीतल्या..." बाई थांबल्या. तोंडाला सुटलेलं पाणी गिळलं. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. "...चुलीतल्या निखाऱ्यावर भाजलेली," त्यांनी पुरं केलं, आणि छताकडे बघत, "बजारात अंबाडी आली असन काय?"

मी गाडीला किक मारली तेव्हा पायात चपला होत्या की नाही, आठवत नाही.

भाजी झाली. बाई उशीला टेकून बसल्या, मांडीवर ताट. "वाचा," म्हणाल्या. भाऊ वाचू लागले, आणि एकेका ओळीला एकेक घास जाऊ लागला. कुठलं ते माहेर आता! माय जाऊन किती वर्षं झाली, घर पडलं, चुलीच्या जागी रान माजलं. शेवटच्या ओळीपाशी भाऊ अडले. पुस्तकातल्या परक्या माणसांसाठी हा माणूस आजवर ढसाढसा रडत आलेला, आणि स्वतःच्या हातची एक ओळ त्याला वाचवेना.

"द्या इकडं," बाई म्हणाल्या. डाव्या हातानं कागद ओढून घेतला आणि शाळेतल्या पोरीसारखं एकेक अक्षर लावत स्वतःच वाचलं, "माय म्हणते, अजून घे वो."

आणि ताट पुढं केलं. माझी बायको पळी घेऊन उभी होती. माय तिचीही तीच. ती खाली बसली आणि मायेनं वाढलं.