धागा तुटला तिथं थांबणारं गाणं

सोलापुरात मे महिन्याच्या उन्हात चादरीच्या कापडाची बेलबॉटम घालून फिरणारा माणूस आजवर एकच झाला, आणि तो माझ्या नशिबी शेजारी म्हणून आला. "उकडत नाही का रे?" म्हटलं की म्हणायचा, "उकडतंय की! पर डिझाईन बघ बे." डोक्यावर केसांचं रान आणि गळ्यात स्वतः रंधा मारून बनवलेली विजेची गिटार. ती सुरू झाली की आमच्या घरातला दिवा मंद व्हायचा. तालाचं तर त्याला वेडच. पंगतीत वाढप्यालासुद्धा "समेवर वाढ की बे वरण" म्हणून सुनावायचा. चालणं, जेवणं, भांडणं, सगळं एकाच ठेक्यात, आणि तो ठेका त्याच्या वडिलांच्या हातमागाचा. तेलुगूत वडिलांना म्हणतात तसं त्यांना आम्ही सगळेच नायना म्हणायचो. दीड खोलीच्या घरात पहाटेपासून त्यांचा माग चाले आणि त्या खटखटीत हा ढाराढूर झोपे. माग थांबला की जागा! एकदा मोडनिंबला लग्नाला गेला आणि तिथल्या शांततेनं बेजार होऊन अक्षता पडायच्या आत परत आला.

अशा माणसाला मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीनं बोलावलं. तिथं ड्रम वाजवणारा झकास होता, पण याच्या तोंडून आवाजच फुटेना. माग नाही तर गाणं नाही, असं सांगून गडी घरी. कंपनीचा साहेबही त्याच्याच जातकुळीतला असावा. टेप मशीन घेऊन तो सोलापूरला आला. गाण्यात दुसरी खटखट नको म्हणून त्या दुपारी गल्लीनं आपापले माग बंद ठेवले. आता, आमच्या गल्लीत सगळे माग एकदम बंद होतात ते कुणी गेलं तरच. कोपऱ्यावरची म्हातारी डोळ्याला पदर लावतच आली. "कोण गेलं रे?" नायना मागावरूनच हसले. "कोण न्हाय गेलं. पोरगं गातंय. बस तितं गप."

गाणं रंगात आलं आणि मधेच नायनांच्या मागावरचा धागा तुटला. तुटका धागा तसाच सोडून पुढं विणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. माग थांबवून त्यांनी सावकाश गाठ मारली. पोरगा तोंड उघडं ठेवून थांबला. माग पुन्हा सुरू झाला, आणि त्याच ठोक्यावर तोही. साहेब म्हणाला, "हे असंच राहू दे." त्या थांबण्यानंच गाणं गाजलं. पार करमाळ्याच्या बाजारापर्यंत वाजलं. वरातीतले बँडवालेही त्या जागी थांबायचे.

पुढच्या उन्हाळ्यात नायना गेले. गल्लीतले माग बंद झाले, आणि या खेपेला म्हातारीनं काही विचारलं नाही.

दुसऱ्या गाण्यासाठी कंपनीचे निरोपांवर निरोप येत होते. शेजाऱ्यांनी आपले माग चालवून पाहिले. हा गिटार घेऊन बसे, तोंड उघडे, मिटे. न राहवून मी म्हटलं, "गा की रे आता."

"कसं गाऊ? नायना धागा जोडायलेत अजून."

मला रडू आवरलं नाही. त्यानं पुन्हा कधी गायलं नाही. बेलबॉटमही पेटीत गेली. मात्र चहाच्या हॉटेलात ती तबकडी लागली आणि ती जागा आली, की कप खाली ठेवून तो मान तिरकी करायचा. स्वतःचंच गाणं, तरी दर वेळी चेहऱ्यावर तीच धास्ती. मग माग खटकन सुरू व्हायचा.

"जोडला बघ," म्हणायचा, आणि गार झालेला चहा पिऊन टाकायचा.