चपलांची रांग

वर्गाच्या दारात चपलांचा पसारा दिसला. चिऊ तो लावल्याशिवाय हलणार नव्हती. माझी लेक स्वमग्न आहे. कोकण सोडून नागपुरात आल्यापासून तिच्यासाठी शाळा शोधतेय, पण सगळीकडून नकारच. मी स्वतः सातवीत शाळा सोडलेली, बोलायचं तरी काय?

चिऊ लहानमोठ्या चपला ओळीने लावत बसली. मी तिला उठवायला वाकले, तर वर्गातल्या बाई म्हणाल्या, "राहू द्या ना ताई. काम चालू आहे तिचं." त्यांनी आपल्याही चपला काढून तिच्यापुढे ठेवल्या. तिने त्या टोकाला लावल्या.

चिऊला शाळेत घ्यायचं का, हे मोठ्या बाईंना विचारायला वर्गातल्या बाईंना पटांगण ओलांडायचं होतं. ऊन रणरणत होतं. त्यांनी रांगेकडे पाहिलं आणि तशाच निघाल्या, चटके बसतील तसे पाय उचलत.

देवासाठी अनवाणी चालणारी माणसं जन्मभर पाहिली. लेकराने लावलेली रांग मोडू नये म्हणून कुणी चालेल, हे कुठे ठाऊक होतं?

परत येऊन त्या म्हणाल्या, "उद्यापासून आणा हिला."

मी माझ्या चपला काढून चिऊपुढे ठेवल्या.